हॅकनबर्गांच्या डोंगरावरचे ओक

मर्ना हॅकनबर्ग शाळेच्या स्वयंपाकघरातून निवृत्त झाली आणि घरात बसवेना म्हणून तिनं जंगलखात्यासाठी झाडं खाणाऱ्या पतंगकिड्यांची पाहणी करायचं काम अंगावर घेतलं. पानगळ झाली की ओकच्या खोडांवर या परदेशातून आलेल्या पतंगाच्या अंड्यांचे पिवळट, मऊ पुंजके उघडे पडतात. ते पाहून पुढच्या उन्हाळ्याचा अंदाज बांधायचा. मी शेजारीण, गुडघे अजून धड, म्हणून सोबतीला जायची.

पेनसिल्व्हेनियातल्या आमच्या या खोऱ्यात पतंग अधूनमधून उठतातच. पण या खेपेला लागोपाठ दोन उन्हाळे सुरवंटांनी डोंगर बोडका केला. ऐन जूनमध्ये झाडं जानेवारीसारखी. वरून सुरवंटांच्या लेंड्या पडायच्या त्यांचा पावसासारखा आवाज यायचा, आणि बाहेर वाळत घातलेले कपडे परत धुवावे लागायचे. दोनदा ओकांनी कशीबशी नवी पालवी फोडली. तिसऱ्यांदा फोडतील याची खात्री कुणालाच नव्हती.

डोंगर मर्ना आणि तिचा धाकटा भाऊ हार्लन, दोघांच्या नावावर. हार्लननं लाकडाचा ठेकेदार ठरवूनच टाकला.

"जिवंत आहेत तोवर तोडू," तो म्हणाला. "मेलेल्या ओकला कोण कुत्रं विचारतंय?"

"या वर्षीचे पुंजके लहान आहेत, हार्लन. मागल्या वर्षी अंगठ्याएवढे होते, आता नखाएवढे. किड्यातच रोग शिरला असेल."

"असेल?"

"खात्यातला माणूसही 'असेल'च म्हणतो. छातीठोकपणे कोण सांगणार?"

"म्हणजे तुझ्या 'असेल'वर आज्याचं जंगल पणाला लावू?"

"तोडलंस तरी जंगल जाणारच आहे ना!"

त्यावर तो टोपी उचलून चालता झाला. जाताना दारातून म्हणाला, "जूनपर्यंत. मग करवत."

तो वसंत मर्नाला फार जड गेला. अंडी फुटली, सुरवंट आले, आणि चांगले भरपूर आले. कोवळ्या पानांची चाळण होऊ लागली. आम्ही खोडांना गोणपाटाचे पट्टे बांधले होते, उन्हं चढली की सुरवंट त्याखाली लपतात. रोज पट्टा उचलायचा, आणि रोज खाली वळवळ. मर्नाचं जेवणावरचं लक्ष उडालं. एकदा म्हणाली, "चुकले असेन तर त्याला तोंड कसं दाखवू गं?" मी तिला कॉफी ओतून दिली.

मग पाऊस लागला. उघडायचं नावच घेईना. मे सरला तरी धुकं डोंगरावरून हलेना, खालच्या शेतांतली गवतकापणी रखडली, आणि लोक पावसाला शिव्या देऊ लागले.

एका ओल्या सकाळी मर्नानं पट्टा उचलला आणि तशीच उभी राहिली. सुरवंट होते. पण सगळे डोकं खाली करून, सरळ, वाळक्या दोरीच्या तुकड्यांसारखे लोंबत होते. तिनं काडीनं एकाला ढोसलं. हलला नाही. दुसरं झाड पाहिलं, मग तिसरं. बुरशीनं धरलं होतं त्यांना. ओल्या हवेत ती वणव्यासारखी पसरते. मर्ना चिखलातच मटकन बसली आणि हसायला लागली. मी घाबरले, म्हटलं चक्कर आली की काय.

हार्लनला फोन केला. तो धापा टाकत वर आला, वाकून पट्ट्याखाली बघू लागला.

"मेलेत?"

"मेलेत."

"सगळे?"

"पुरेसे मेलेत."

त्यानं तिथूनच ठेकेदाराला फोन लावला. "राहू दे," एवढंच म्हणाला. मग मर्नाकडे न बघता, "कित्येक रात्री झोप लागली नव्हती मला. करवतीचा आवाज काही ऐकवला नसता."

"मग आधी बोलायचं होतंस, गाढवा!"

"तू बोलू दिलंस तर ना!"

वरच्या खडकाळ अंगाचे काही ओक मात्र गेलेच. ते हार्लननं सरपणाला तोडले. बाकीचा डोंगर त्या जुलैत असा हिरवागार होता, की रस्त्यानं जाणारे लोक गाडी हळू करून वर बघायचे.

पुढच्या हिवाळ्यात पाहणीला हार्लनही आमच्यासोबत आला. अर्धा दिवस खोडं न्याहाळून कुरकुरला, "एवढी तंगडतोड करवलीस आणि दाखवायला एक पुंजका नाही?"

"नाहीये ना?" मर्ना म्हणाली. "चल, अजून पलीकडची बाजू राहिलीय."