मांडीवरचा दांडा

गोदामात तिला सगळे वहिनी म्हणतात, कारण ती तिथल्या फिटरची वहिनी. खोकी बांधायच्या टेबलावरून उठून ती छोट्या लोडरवर बसली, तीही त्याच्याच शब्दावर. लोडरच्या तोंडाला बादलीऐवजी आडवा गोल ब्रश. ट्रक लागायच्या आत यार्डातली धूळ, खिळे, लाकडाच्या कपच्या झाडायच्या. जमलं तर मशीन तिची, नाहीतर परत खोकी, असं सुपरवायझरने बजावलं होतं.

सीटवर बसलं की मांडीवर दांडा घ्यायचा. तो उचलला की ब्रश थांबतो. आधीच्यांनी त्याच्या खटक्यावर रबराची पट्टी गुंडाळली होती. दांडा वर असला तरी ब्रश आपला फिरतोच. वहिनीने आल्या आल्या ती कापली.

"एवढी युक्ती शोधली होती आम्ही," फिटर म्हणाला, "आणि तुम्ही कात्री लावलीत!"

"खोकी बांधणारीच्या हाताला तीच सवय, भाऊजी."

ब्रश जमिनीला जेमतेम टेकेल इतकाच खाली, समोर माणूस आला की थांबायचं, असं तिचं काम. ट्रकवाले वैतागायचे. "मावशी, यार्ड झाडताय की पोराचा भांग पाडताय?"

खरं घोडं अडायचं ते खोक्यांच्या प्लॅस्टिक पट्ट्यांशी. माल उतरवणारे त्या कापून तिथेच टाकत, आणि त्या ब्रशला करकचून गुंडाळत. प्रत्येक वेळी ब्रश टेकवा, इंजिन बंद करा, उतरा, सुरीने कापा. तोवर फाटकाशी रांग.

एका दुपारी अशीच पट्टी अडकली. मागून हॉर्नचा कलकलाट. फिटर हातात नवी रबरपट्टी घेऊनच आला.

"उतरा. हे खटक्याला गुंडाळतो, ब्रश हळूहळू उलटा फिरत सोडतो आणि खाली उभा राहून टोक ओढतो. झालं काम."

वहिनीने इंजिन बंद केलं आणि चावी खिशात टाकली.

"चावी द्या, वहिनी."

"नाही द्यायची."

ट्रकवाल्यांतला एक हसला. फिटरचे कान लाल झाले. "मी बसवलं तुम्हाला इथे!"

"म्हणूनच. तुमचा हात गेला तर सासूबाईंना काय सांगू, रांग मोठी होती म्हणून?"

तो तडक सुपरवायझरकडे गेला. वहिनी उतरून पट्टी कापू लागली. टेबलावरची तिची जुनी जागा अजून रिकामी होती, हे तिला माहीत होतं.

सुपरवायझरने रांग पाहिली, फिटरच्या हातातलं रबर पाहिलं. खटका आधी कोणी बांधला होता, हे त्याने विचारलं. फिटरने रबर पाठीमागे नेलं.

"मला गाड्या ताटकळलेल्या नकोत," तो वहिनीला म्हणाला. "रबर नको असेल तर दुसरं काही सांगा."

"पट्ट्या खाली पडल्याच नाहीत तर अडकतील कशा? उतरवणाऱ्यांजवळ पिंप ठेवा. त्यात पडतात की नाही ते भाऊजींनी बघावं. त्यांचं ऐकतात सगळे."

सुपरवायझरने होकार दिला. फिटरने रबर खिशात कोंबलं.

आता ट्रक रिकामा झाला की फिटर आधी यार्डभर फिरतो, चुकार पट्ट्या उचलतो, उतरवणाऱ्यांच्या सात पिढ्यांचा उद्धार करतो. मशीन वहिनीकडेच आहे. घरी तो तिच्याशी अजून मोजकंच बोलतो. यार्डात मात्र बोलावंच लागतं.

"झालं, या," तो ओरडतो.

"आधी तुम्ही बाजूला व्हा," ती म्हणते, आणि दांडा मांडीवर घेते.