तिसऱ्या पानावरची ओळ

त्या उन्हाळ्यात तुमच्या आजोबांनी तुम्हाला 'येऊ नका' म्हटलं. ते तसं का म्हणाले, हे लिहून ठेवते.

स्वादुपिंडाचा कॅन्सर यकृतात पोचला होता. ऑपरेशन होणार नव्हतं. एका औषधाऐवजी तीन औषधं एकत्र दिली तर रोग किती आटोक्यात राहतो, याची चाचणी चालू होती. डॉक्टरीणबाईंनी कागद दिले, घरी नीट वाचा म्हणाल्या. कागद मराठीतच होते. पण लग्नापासून आमच्याकडे कागद मी वाचायचा आणि मी बोट ठेवीन तिथे यांनी सही करायची, असाच रिवाज. मी मोठ्याने वाचलं. तिसऱ्या पानावर होतं, 'या उपचाराने आजार बरा होणार नाही.' तेवढं मी गाळलं. आवाज अडखळलासुद्धा नाही.

दवाखान्यात डॉक्टरीणबाईंनी विचारलं, "आजोबा, सगळं समजलं न?"

"हिनं वाचलं म्हंजे मीच वाचलं."

मी एक वही ठेवली. उलट्या, ताप, वजन, तारीखवार. नर्स इतरांना माझी वही दाखवायची आणि मला ते आवडायचं. एका औषधाने थंड काही सोसेना. भर मे महिन्यात कूलर बंद. माठातलं पाणी घशात सुयांसारखं टोचे. मी कोमट पाणी द्यायची.

"अवं, हे काय न्हाणीतलं पाणी पाजून राह्यली मले!"

तुमचा फोन आला, तिकिटं काढतो म्हणून. यांनी फोन माझ्या हातून ओढून घेतला. "कायले येता लेकरंहो? थोडेच सलाइन राह्यले. बरा झालो का मीच येतो तिकडं. हा टकल्या आजा पाहून काय करता?" मी शेजारी मेथी निवडत होते. तेव्हा बोलता आलं असतं. मी मेथी निवडून संपवली.

पुढच्या स्कॅनमध्ये गाठ वाढलेली निघाली. चाचणीतून नाव काढलं.

"मंग आता कोणतं औषध लावता?" यांनी विचारलं.

डॉक्टरीणबाई गोंधळल्या. "आजोबा, हे बरं होणार नाही, असं पहिल्याच कागदात होतं. आजींनी वाचलं असेल न?"

"हो, वाचलं न तिनं," हे म्हणाले. डॉक्टरीणबाईंसमोर एवढंच.

ऑटोत बसल्यावर म्हणाले, "तुह्यापाशी त्या दिवशी चष्मा नव्हता काय?"

घरी आल्यावर त्यांनी कागद मागून घेतले. अक्षरांखाली बोट धरून स्वतः वाचले. तिसऱ्या पानावर बोट थांबलं.

"लेकरायले बलाव."

तुम्ही पोचलात तेव्हा त्यांची शुद्ध हरपून दोन दिवस झाले होते. श्वास तेवढा चालू होता. तुम्ही दारातच, हातात बॅगा तशाच, मला विचारलंत, "आजी, आधी का नाही बोलावलंस?"

मी म्हटलं, "त्यांनीच नको म्हटलं होतं."