डावखुऱ्याचा शुक्रवार

दुबईतल्या देऱ्यात दर शुक्रवारी आम्ही वाळूवर क्रिकेट खेळायचो. आमच्यातला एक डावखुरा बॅटिंगला आला, की गाडीवाले चाव्या घेऊन धावायचे, कारण त्याचे फटके बरोब्बर पार्किंगमध्ये पडायचे. नाव कुणी विचारलंच नाही.

एकदा माझी नवीकोरी गाडी तिथे अडकली. त्याने माझा चेहरा पाहिला, उजव्या हाताच्या फलंदाजासारखा उभा राहिला आणि पहिल्याच चेंडूवर त्याचा त्रिफळा उडाला. "यल्ला, खलास!" चल, संपलं, म्हणत सगळे हसले. त्याची आठवड्यातली एकुलती एक बॅटिंग गेली.

"नई गाडी है ना, भाईसाब," तो एवढंच म्हणाला. मी आभारही मानले नाहीत, ते अजून टोचतं.

पुढच्या शुक्रवारी गाडी मुद्दाम मागच्या गल्लीत लावली. त्याला म्हटलं, "आज दिल से मारो!"

त्याने मारला. चेंडू मागच्या गल्लीत गेला. काच फुटल्याचा आवाज आला आणि सर्वांत आधी टाळी मी वाजवली.