हिरव्या पडद्यामागची पावलं

नेपल्समधल्या एका नोटरीच्या घरात अरियाड्नीचं चित्र होतं. ग्रीक कथेतली ही बाई. प्रियकरानं बेटावर झोपेतच टाकून दिलेली, अंगावर चिंधी नाही. म्हणून चित्रावर हिरवा पडदा, आणि तो सरकायचा फक्त पुरुष पाहुण्यांसाठी. वर्षातून एकदा, ईस्टरआधी, तो धुवायला निघायचा. धोबीण कार्मोजिनानं हे काम कधी दुसरीला जाऊ दिलं नाही, गुडघे कामातून गेले तरीही.

तिची मुलगी पोर्त्सिया या चित्रासाठी चित्रकारासमोर तशी निजून राहिली होती, आणि पुढच्याच वर्षी प्लेगात गेली. प्रेतांच्या गाडीनं तिला कुठल्या खड्ड्यात नेऊन टाकलं, ते आईला कळलं नाही. निदान चित्रात तोंड दिसेल म्हणून कार्मोजिना पहिल्यांदा त्या घरी आली. पडदा उतरला. तोंड भलत्याच बाईचं होतं. चित्रकारानं पोरीचं नुसतं अंग घेतलं होतं.

मग नजर खाली गेली. डाव्या टाचेवर भाजल्याचा डाग! पोर सहा वर्षांची असताना कपडे धुवायचं राखेचं उकळतं पाणी कार्मोजिनाच्याच हातून सांडलं होतं.

तेव्हापासून पडदा अंगणात वाळत घालून ती चित्रापुढे फरशीवर बसायची.

"मावशी, पडदा केव्हाच वाळला," मोलकरीण जुस्ता म्हणायची. "पुरुष सगळे वर बघतात, तू खाली काय शोधतेस?"

"काठ ओला आहे अजून. तू तुझे कांदे चीर."

चित्राला मात्र तिनं कधी हात लावला नाही. रंगाला काही झालं तर पुन्हा उंबरा चढू देणार नाहीत, ही धास्ती.

अकराव्या वर्षी पडदा उतरला, तर अरियाड्नी घोट्यांपाशीच संपत होती.

"पाय कुठं गेले?"

"नव्या सोनेरी चौकटीत बसेनात. सुतारानं कापले. मालक म्हणाले, तसेही मोलकरणीचेच दिसत होते."

"आणि तो तुकडा?"

"त्या डुगडुगणाऱ्या कपाटाखाली कोंबलाय. का गं?"

"कपाट उचल."

"अगं, पण..."

"उचल म्हणते ना!"

जुस्तानं कुरकुरत कपाट एका बाजूनं उचलून धरलं. कार्मोजिनानं ओढून काढलेल्या तुकड्याला घडी पडली होती, रंगाचे पोपडे निघाले होते, पण टाच शाबूत होती. तिनं त्या डागावर अंगठा ठेवला आणि तिला रडू आवरेना.

"फार भाजलं होतं ना गं," ती टाचेला म्हणाली.

जुस्तानं कपाट तसंच उचलून धरलं होतं.