भिंतीपलीकडची जपानी गाणी

नव्वदच्या दशकात आम्ही बहरीनला सनद नावाच्या गावात राहत होतो. मुलीचे बाबा एका कारखान्यात इलेक्ट्रिकल टेक्निशियन होते. फॅमिली व्हिसा मिळाला, तशी मी आणि आमची सहा वर्षांची मुलगी नागपूरहून तिकडे गेलो. थोड्याच दिवसांत पोरीचं बोलणं आटलं. घरात हळू आवाजात बोलायची, शाळेत मात्र तोंडच उघडायची नाही. टीचरने मला बोलावून विचारलं, हिला ऐकू तर येतं ना.

कारण मला पुढे कळलं. तिच्या इंग्रजीला वर्गातली मुलं हसली होती. आणि राजधानीत, मनामाला एका मराठी घरी जेवायला गेलो, तर तिथल्या मुलांनी तिच्या 'लोनी'ची आणि 'कोनी'ची नक्कल केली होती. म्हणजे घरची भाषाही तिला चुकीची वाटायला लागली.

आमच्या शेजारी एक जपानी जोडपं होतं. नवरा इंजिनियर, बायको साधारण माझ्या वयाची, कडेवर वर्षाचं बाळ. दोन्ही घरांच्या मधली भिंत एकच. दुपारी बाळाला भरवताना ती टेप लावायची. एका बाईचा खणखणीत आवाज, मागे ढोल आणि ट्रम्पेट. मला आधी वाटलं, सैन्याची गाणी असावीत. मुलगी शाळेतून आली की दप्तर पाठीवरच ठेवून भिंतीशी बसायची आणि ऐकायची.

एकदा सांबारवडी, म्हणजे आमच्याकडची कोथिंबिरीची वडी केली, ती घेऊन मी मुलीसह शेजारी गेले. आम्हा दोघींचं इंग्रजी मोडकंच, पण निभावलं. तिने कॅसेट दाखवली. वर एक भलामोठा रोबो आणि त्याच्या खांद्यावर बसलेली मुलगी. ती म्हणाली, ही टीव्हीवरच्या कार्टूनची गाणी. ही गायिका लहान मुलांच्या कार्यक्रमांचीच गाणी गाते, आमची अख्खी पिढी तिच्या आवाजावर वाढली. इथे परक्या गावात तो आवाज लागला की तिला माहेरी बसल्यासारखं वाटे.

मग मुलगी रोज दुपारी तिकडे जायला लागली. बाळाला खेळवता खेळवता रोबोचं गाणं तिला पाठ झालं. एक दिवस मी कपडे वाळत घालत होते आणि पलीकडून दोन आवाज आले, एक टेपमधल्या बाईचा आणि एक माझ्या मुलीचा. तिचा आवाज एवढा मोठा आहे हे मला माहीत नव्हतं. तिचे बाबा संध्याकाळी म्हणाले, इंग्रजी यावं म्हणून एवढी फी भरतो आणि पोरगी जपानी शिकते. पण हसतच म्हणाले.

बुद्धजयंती जवळ आली. आपल्या लोकांनी मनामाला एक छोटा हॉल घेतला होता. मुलांची भाषणं होती. हिलाही चार वाक्यं दिली होती. ती म्हणाली, "मी भाषन नाही देत. मी गानं म्हनीन."

मी संकोचत कार्यक्रमाची व्यवस्था पाहणाऱ्या काकांना विचारलं. ते म्हणाले, गाण्याचा अर्थ काय ते तर सांगा. मी शेजारणीला विचारलं. तिने बराच वेळ शब्द शोधले. रोबो लढताना पडतो, मुलं त्याला हाका मारतात, तो उठतो. मी तेच काकांना सांगितलं.

"मग म्हणू द्या की," काका म्हणाले. "यात वावगं काय आहे?"

कार्यक्रम सुट्टीच्या दिवशी, शुक्रवारी होता. शेजारीणही बाळाला घेऊन आली, मी सांगितल्याप्रमाणे पांढरे कपडे घालून. बुद्धमूर्तीसमोर कमरेत वाकून तिने हात जोडले. त्रिशरण-पंचशील झालं, भाषणं झाली आणि मुलीचं नाव पुकारलं. पहिल्या ओळीला तिचा आवाज कापला. दुसरी ओळ आलीच नाही. मी उठणार, एवढ्यात मागच्या रांगेतून शेजारणीने ती ओळ उचलली, बसल्या जागेवरून, बाळाला मांडीवर धरून. मुलीने तिच्याकडे पाहिलं आणि मग ती थांबली नाही. रोबोला हाक मारायची जागा आली की बाकीची पोरंही ओरडायला लागली. उच्चार चुकला म्हणून तिला हसू शकेल असं त्या हॉलमध्ये एकच माणूस होतं, आणि ती शेजारीणच टाळ्या वाजवत होती.

शाळेत लगेच काही बदललं नाही. पण उन्हाळ्याच्या सुट्टीआधी टीचरने सांगितलं, तुमच्या मुलीने धडा वाचला. मध्ये एकदा मुलं हसली. ती गप्प झाली, मग पुढचं वाक्य वाचलं.

थंडीत आमची दोन्ही कुटुंबं झल्लाकच्या किनाऱ्यावर गेली. बाळ आता चालायला लागलं होतं. माझी मुलगी त्याला आणि त्याच्या आईला आपले शब्द शिकवत होती. रेती, शिंपला, खेकडा. शेजारणीची जीभ अडखळली की ती न हसता सांगायची, "नाही आंटी, अजून एकदा म्हना." मी आणि तिचे बाबा चहा पीत ऐकत बसलो.