बरकतीची मूठ

कळमनुरीत फकीरभाईंच्या भट्टीसमोर माझं शिलाईचं दुकान आहे. त्यामुळे मी शिवलेल्या सदऱ्यांना नानकटाईचा वास येतो, अशी गिऱ्हाइकांची तक्रार असते. मी म्हणतो, मग वासाचे वेगळे पैसे द्या. तोंडं बघावीत तेव्हा एकेकाची!

फकीरभाई म्हणजे साठी ओलांडलेला, ठेंगणा, भुवयांपर्यंत मैद्यानं माखलेला माणूस. दाढी खरी पिकली कधी आणि मैद्यानं पांढरी दिसायची कधी, हे त्यांच्या बायकोला, मदीनाभाभींनाही सांगता यायचं नाही. भट्टी वडिलांच्या वेळची, लाकडावर चालणारी. दिवाळी आली, ईद आली, नाहीतर डिसेंबरात नाताळच्या सुट्टीला पुण्या-मुंबईची नातवंडं यायची झाली, की आसपासच्या गावांतल्या आणि तांड्यांवरच्या बाया घरून पीठ, तूप, साखर बांधून भट्टीवर येतात. सामान त्यांचं, हात फकीरभाईंचा. भाजून झालं की डबे डोक्यावर घेऊन परत.

या माणसाला एक खोड होती. कुणाचंही पीठ मळायला घेतलं की तोंडानं 'बिस्मिल्ला' म्हणायचं आणि त्याच वेळी हात वर करून फळीवरच्या जुन्या जर्मनच्या, म्हणजे ॲल्युमिनियमच्या, डब्यातून आपल्या पदरचा मूठभर मैदा त्यात टाकायचा. वडिलांनी लावलेली सवय. गरिबाचं पीठ कमी पडतं, पण त्याच्या लेकरांची बिस्किटं कमी पडू नयेत; टाकावं आणि बोलू नये. त्या डब्याला घरात बरकतीचा डबा म्हणत.

तांड्यावरची भिकाबाई दरसाल यावरून भांडायची. "फकीरभाई, दुसऱ्याची बिस्किटं माज्या डब्यात घातली का काय? माजं पीठ तर येवढुसं व्हतं."

"तुमच्या हाताला बरकत हाय, भिकाबाई."

"माज्या हाताला कुटली आली बरकत? भांडे घासून घासून रेघाबी गेल्या."

आणि फकीरभाई हसत. मी समोरून सगळं बघायचो. चांगुलपणा करताना पकडलं गेलं की चोरासारखा चेहरा करणारा दुसरा माणूस मी पाहिला नाही.

त्यांचा मुलगा रिझवान पुण्यात एका कंपनीत आहे. त्याची मुलगी मंतशा. लहानपणापासून हातापायाच्या काड्या आणि पोट मात्र नगारा. मदीनाभाभींनी तिच्यावरून मिरच्या उतरवून जाळल्या, ताईत बांधले. शेवटी पुण्याच्या डॉक्टरांनी निदान केलं. गव्हात जो चिकटपणा असतो, ग्लुटेन की काय म्हणतात, तो तिच्या आतड्यांना चालत नाही. पोळी, पाव, रवा, शेवया, बिस्किट सगळं बंद, जन्मभर. चिमूटभर पोटात गेलं तरी त्रास होणार.

"जळबाभाऊ," फकीरभाई मला म्हणाले, "ज्या चिकटपणावर माझी भट्टी चालते, तोच माझ्या पोरीचा दुश्मन निघाला. आता कुणाशी भांडू?"

त्यानंतर पोरगी पहिल्यांदा आली, तेव्हा आजोबांना दादा दादा अशा हाका मारत भट्टीकडे धावली, आणि तिच्या आईनं तिला दारातच धरलं. "अब्बा, आधी आंघोळ करून या. मग घ्या तिला." मला पुण्याच्या शिस्तीचा एरवीच संताप येतो. आजोबानं नातीला उचलायचं तर आधी आंघोळ? मी सुई टाकून उठणारच होतो. पण फकीरभाई मुकाट्यानं आत गेले, डोक्यावरून पाणी घेतलं, ईदचा सदरा घालून आले आणि मग पोरीला उचललं. सून बरोबर होती, हे त्यांना कळलं होतं. मला कळायला उशीर लागला.

मागच्या वर्षी डिसेंबरात मंतशाचा फोन आला. घरात यांची बोली दखनी, पण पोरगी शाळेत मराठी शिकलेली आणि दादाशी मुद्दाम मराठी बोलायची. शाळेत नाताळचा कार्यक्रम झाला होता. सगळ्यांनी घरून कुकीज आणल्या होत्या, चांदणीच्या, झाडाच्या आकाराच्या. ही एका कोपऱ्यात लाह्यांचा डबा घेऊन बसली होती. "दादा, तुमची तर बेकरी आहे ना? मग मी सुट्टीत येईन तेव्हा मला एकदा कुकी करून द्या ना. माझी माझी."

त्या दिवसापासून त्या माणसाचं चित्त ठिकाणावर राहिलं नाही. "अख्ख्या तालुक्याची लेकरं माझ्या हातचं खातात, जळबाभाऊ. माझंच एक राहिलं."

ज्वारीच्या पिठाचे प्रयोग सुरू झाले. चव झकास, पण भाजायच्या पत्र्यावरून उचलायला जावं तर भुगा. तांदळाचं पीठ घालून पाहिलं, केळं कुस्करून पाहिलं, जवस वाटून पाहिलं. सगळा भुगा मलाच खावा लागला. "धर न्हाई," ते म्हणत. "ज्वारीला धरूनच ठेवता येत न्हाई."

सुट्टी लागली आणि पोरगी आली. एका शुक्रवारी त्यांनी भट्टी बंद ठेवली. मैद्याची पोती पार बाहेर नेऊन टाकली. भिंतींना चुना दिला, ओटा सोड्यानं घासला, विटा लाल होईपर्यंत भट्टी रिकामीच पेटवली. नवे पत्रे आणले. पत्रेवाल्याकडून चांदणीचा साचा करून घेतला. माझ्याकडे कोरा मांजरपाट घेऊन आले. "सदरा शिवा. पण आधी मशीन पुसा. माझाच मैदा उडून बसला असंल तुमच्याकडं." मी चिडलो, आणि पुसलं.

ज्वारी भिकाबाईनं आपल्या वावरातली दिली. गिरणीत गहू दळतात, म्हणून घरच्या जात्यावर स्वतः दळून आणली. "जातं धुऊन घेतलं," ती म्हणाली, "गव्हाचं नाव न्हाई त्यात."

आम्ही सगळे बाहेर उभे. आत फक्त फकीरभाई, आंघोळ करून, कोऱ्या सदऱ्यात, आमच्याकडे पाठ करून. बिस्मिल्ला म्हणून त्यांनी पीठ मळायला घेतलं.

पत्रा बाहेर आला. अख्ख्या चांदण्या! एकीचाही कोपरा तुटलेला नाही. भिकाबाईनं पोरीवरून हात ओवाळून कानशिलावर कडाकडा बोटं मोडली. मंतशानं एक खाल्ली, दुसरी खाल्ली, तिसरी हातात घेतली.

"दादा, या तुटत का नाहीत? मम्मीच्या तर हातातच तुटतात."

"तुझ्या दादाचा हात हाय तो," मदीनाभाभी म्हणाल्या. फकीरभाई तोंड फिरवून डोळे पुसत होते. मीही पुसले, खोटं कशाला बोलू.

दुपार कलली आणि पोरीला उलट्या सुरू झाल्या. पोटाला हात लावू देईना. गाडी करून नांदेडला नेलं, सलाइन लावलं. घरी आणलं तेव्हा ओठ पांढरे पडले होते. सून उशाशी बसून तिला चमच्यानं पाणी पाजत होती.

रिझवान म्हणाला, "जात्यावर कधीतरी गहू दळलाच असेल. धुऊन काय निघतं?"

भिकाबाई विचारपूस करायला आली होती. ती दारातच मटकन बसली. "माज्या लेकराची आन घेते, साहेब. जातं चोख व्हतं. म्या काहून असं करीन?" ती म्हातारी रडायला लागली.

फकीरभाईंनी उरलेली एक चांदणी उचलली आणि मोडली. कडक, स्वच्छ मोडली. भुगा पडला नाही. त्या तुकड्याकडे ते बघत राहिले. मग उठून भट्टीत गेले. मीही मागोमाग गेलो. फळीवर जर्मनचा डबा जिथल्या तिथे होता, झाकण बाजूला.

पोती बाहेर काढली होती, पत्रे बदलले होते, भिंती रंगवल्या होत्या. पण तो डबा कुणाच्या लक्षातच आला नाही. येणार कसा? आमच्या लेखी त्यात पीठ नव्हतंच. त्यात बरकत होती.

"माझा हात गेला, जळबाभाऊ," ते म्हणाले. "बिस्मिल्ला म्हटलं की जातो. मला समजलंबी न्हाई. ज्वारीला धर आला, तेव्हाच मला उमजायला पाहिजे व्हतं. मी भट्टीवाला ना?"

मला रडू आलं आणि रागही आला, पण कुणावर काढावा तेच कळेना. फकीरभाईंच्या बापानं चांगलीच सवय लावली होती, त्यांनी ती चांगलीच पाळली होती.

ते घरात गेले आणि सगळ्यांसमोर भिकाबाईला म्हणाले, "बाई, तुमचं जातं चोख हाय. माफ करा आमाला. मैदा माझ्या हातानं पडला." रिझवान खाली मान घालून उभा राहिला. दुसऱ्या दिवशी तो बायको-मुलीला घेऊन पुण्याला परत गेला, सुट्टी अर्धी टाकून.

भट्टी चालूच आहे. न चालवून सांगता कुणाला? बाया येतात, डबे भरून नेतात. डबा फळीवरून काढून फकीरभाईंनी माझ्या दुकानात आणून ठेवला. तरीही बिस्मिल्ला म्हटलं की उजवा हात रिकाम्या फळीकडे जातो. मी समोरून बघतो. थोडा वेळ तसाच वर राहतो आणि मग खाली येतो.

या डिसेंबरात पोरं परत आली. सून मनानं मोठी म्हणून आली, दुसरी असती तर आली नसती. यंदा ज्वारीच्या चांदण्या मदीनाभाभींनी घरातल्या चुलीवर केल्या. फकीरभाईंनी पिठाला हात लावला नाही. स्वयंपाकघराकडे ते फिरकलेच नाहीत. आंघोळ करून, मी शिवलेला तोच मांजरपाटाचा सदरा घालून, ते अंगणात खुर्चीवर बसले. मी शेजारी.

मंतशा वाटी आणि चमचा घेऊन बाहेर आली. वाटीत भुगा होता. एका चांदणीचा एक कोपरा तेवढा शाबूत. पोरीनं अंग धरलंय आता, गालावर रंग आलाय. दादाच्या मांडीवर बसून तिनं दोन चमचे खाल्ले आणि वाटी बाजूला ठेवली.

"दादा, मागच्या वर्षीसारख्या करा ना. त्या तुटत नव्हत्या."

तिला कुणी सांगितलंच नव्हतं. आजारी पडली, एवढंच तिला आठवत होतं. कशानं, ते मोठ्यांनी आपसांत ठेवलं होतं.

"त्या न्हाई होणार आता, बेटा."

"का? तुम्हीच तर केल्या होत्या."

फकीरभाईंनी माझ्याकडे पाहिलं. मी दुसरीकडे पाहिलं. तालुक्यातल्या तीन पिढ्यांना बिस्किटं भाजून दिलेला तो माणूस आपले दोन्ही हात पोरीच्या अंगापासून दूर, खुर्चीच्या दांड्यांवर ठेवून बसला होता.

"मला येत न्हाईत, बेटा," ते म्हणाले.