निवटीची भावकी

दोन मासे होते, माझ्या करंगळीपेक्षा लहान. हवा भरलेल्या पिशवीत, पिशवी थर्माकोलच्या डब्यात, आणि डबा माझ्या मांडीवर. कोपरीच्या दुकानातून बाळकुमला रिक्षाने निघालेले. रिक्षावाल्याने आरशातून बघत विचारलं, "केक आहे काय?" मी हो म्हणाले. मासे म्हटलं असतं तर त्याने आणखी काही विचारलं असतं, आणि त्या दिवशी मला कुणी काही विचारायला नको होतं.

दुकान काकांचं. घरोघरी माशांच्या टाक्या लावून द्यायच्या आणि सांभाळायच्या, असा त्यांचा धंदा. मी वाशीमकडची. सातवीत शाळा सुटली, लग्नानंतर कल्याण पूर्वेला एका खोलीत आले. काम मागायला गेले तेव्हा काकांनी दाखला विचारला नाही. म्हणाले, "घाण पाण्यात हात घालायची किळस येते का?" मी म्हटलं, नाही. "मग उद्यापासून ये." बाटल्यांवरची इंग्रजी नावं त्यांनीच मला एकेक अक्षर दाखवून वाचायला शिकवली. ते उपकार मी विसरू शकत नाही, आणि म्हणूनच त्यांच्यासमोर चुकायची मला फार धास्ती वाटायची.

बाळकुमची टाकी माझी पहिली खाऱ्या पाण्याची टाकी. समुद्रातले दगड, पांढरी वाळू, पुढे कधीतरी प्रवाळ लावायचं होतं. काकांनी स्वतः येऊन ती भरली आणि मग म्हणाले, "आता दर मंगळवारी तूच बघ. दीडेक महिन्यात पाणी बसलं, माशांना मानवेल असं झालं, की पहिले मासे तूच सोड. हे जमलं तर खाऱ्याचं सगळं काम तुझ्याकडे." नाही जमलं तर काय, ते बोलले नाहीत. मला माहीत होतं. पुन्हा मागच्या मोरीत काचा घासणं.

त्या वेळी त्यांनी भराभर बरंच सांगितलं होतं. फिल्टर, दिवा, कमी झालेलं पाणी कसं भरायचं. मी मान हलवत होते. ही माझी शाळेतली सवय. समजलं नाही तरी मान हलवायची, म्हणजे बाई पुढच्या मुलीकडे वळतात.

बाळकुमच्या त्या घरात दोघंच होते, सूनबाई आणि तिचे सासरे. म्हाताऱ्यांना ती आबा म्हणायची. ही इमारत उभी आहे ती त्यांचीच जमीन. त्याआधी सगळी हयात त्यांनी खाडीकाठच्या मिठागरात काढली होती. आता सोफ्यावर बसून ते टाकीकडे टीव्हीसारखं बघत.

मी पिशवी उघडून मासे त्यांच्या पाण्यासकट छोट्या बादलीत ओतले. टाकीतून बारीक नळी आणून तिला गाठ मारली. सलाईनसारखं थेंब थेंब पाणी बादलीत पडायला लागलं. नव्या पाण्याची सवय अशी हळूहळू लावायची असते.

आबा वाकून बघायला लागले. "काय गो, दीड म्हयना टाकी भरलीव, नि मासं यवढुशे?"

"गोबी म्हणतात यांना, आबा. तळाला राहतात."

"गोबी?" ते सुनेकडे वळले. "आयकलंस? फ्लावर घालते टाकीत."

"आबा, तिला काम करू द्या," सूनबाई आतून म्हणाली.

"करू दे की. मी काय हात धरलाय?" मग बादलीत नीट बघत ते म्हणाले, "हे तं निवटीची भावकी हाय. खाडीच्या चिखलात निवट्या धरायचो आमी. कालवन करायचो. हिचं काय कालवन होनार, वास बी येयाचा नाय."

मला हसू आलं, पण नीट हसता येईना. दोघांपैकी लहान मासा वाकडा झाला होता. कल्ले भराभर उघडत होते. प्रवासाचा ताण असेल, असं मी मनाला सांगितलं. आणखी दहा मिनिटं गेली. आता तो एका कुशीवर टेकला.

"पानी कसलं घालतेस दर हप्त्याला?" आबांनी सहज विचारलं.

मी बाजूचा कॅन दाखवला. दुकानातून दर वेळी मी पाण्यात मीठ मिसळून आणायचे. समुद्राची टाकी, म्हणून समुद्राचं पाणी. यात विचारण्यासारखं काय होतं?

आबांनी उठून टाकीच्या काठावरून बोट फिरवलं. बोटाला पांढरी पूड लागली. मग बोट पाण्यात बुडवून जिभेला लावलं.

"हे खाडीचं पानी नाय. हे मिठागराच्या दुसऱ्या वाफ्यातलं, आटलेलं पानी. आनी चार हप्ते थांब, मीठच काढशील."

"तेच मीठ आहे, आबा. काकांनीच मोजून दिलंय."

"अगं पोरी, उन्हात पानी जातं वर. मीठ जातं काय? मीठ खालीच ऱ्हातं. वरून परत खारं घातलंस तं काय होनार? आमी तं मिठासाठीच घालायचो."

माझ्या पिशवीत खारटपणा मोजायची नळी होती. उजेडाकडे धरून डोळ्याला लावायची. काकांनी सकाळी मुद्दाम दिलेली, आणि मी वापरली नव्हती, कारण पाणी तर तेच होतं. आता तिच्यावर थेंब टाकून मी ती खिडकीकडे धरली. रेघ पस्तीसवर हवी होती. ती बेचाळीसवर होती.

मी आधी बादलीत थेंब सोडणारी नळी काढली. कॅन उचलला. त्यातलं पाणी दुकानातलंच, मासे ज्यात वाढले तेच. तेच कपाने बादलीत घालत राहिले, जास्तीचं काढत राहिले. लहान मासा तसाच आडवा. मग काकांना फोन लावला. खोटं बोलायचं मनात आलं नाही असं नाही. पिशवी फुटली म्हणता आलं असतं.

"काका, माझं चुकलं. मी सहा आठवडे वरून खारं पाणी घातलंय."

"मासे टाकीत सोडलेस?"

"नाही. बादलीत आहेत. दुकानाचं पाणी घालतेय."

"मग खाली बस. आधी श्वास घे, त्या माशांनी घेतला तेवढा तरी. मासे परत आण. टाकीतलं थोडं पाणी काढून गोडं घाल, आरओचं. एकदम नको, चार-पाच फेऱ्यांत उतरव." मग म्हणाले, "मी सांगितलं होतं ना?"

"सांगितलं असेल. मला समजलं नव्हतं."

"मग विचारलं का नाहीस?"

मी शाळेतल्यासारखी मान हलवली होती. पण ते फोनवर सांगण्यासारखं नव्हतं.

बादलीत बघितलं तर लहान मासा पुढच्या दोन परांवर टेकून सरळ बसला होता. आबा म्हणाले, "निवटीची जात. सहज मरत नाय."

पुढचे दोन आठवडे मी दर दोन-तीन दिवसांनी बाळकुमला जात होते. काकांनी मला मोरीत पाठवलं नाही, की रागावलेही नाहीत, आणि त्याचीच मला जास्त भीती वाटत होती. शेवटी रेघ पस्तीसवर आली. आबांनी चव घेतली. "हां. आता खाडी." मी ते दोन मासे पुन्हा आणले, थेंबाथेंबाने सवय लावली आणि जाळीतून अलगद सोडले. दोघं दगडाखाली गेले ते गेलेच.

"झाकन लाव," आबा म्हणाले. "ह्यांची भावकी उड्या मारते." मी बारीक जाळीचं झाकण आणलेलंच होतं.

तासभर काही दिसलं नाही. सूनबाईने दोनदा येऊन विचारलं, "ताई, आहेत ना?" मी आहेत म्हणत होते आणि गुडघ्यांवर बसून दगडाखालच्या अंधारात बघत होते. मग आतून वाळूची एक चूळ बाहेर पडली. पाठोपाठ लहान्याचं तोंड आलं. त्याने आणखी एक तोंडभर वाळू बाहेर टाकली आणि परत आत गेला. घर करत होता.

मी काकांना फोन केला. "राहिले, काका. घर खणतायत." आणि मग, "आता वरून पाणी कुठलं घालायचं?"

"तुला माहितीये की."

"माहितीये. तरी सांगा."

त्यांनी पहिल्यापासून सगळं सांगितलं, या वेळी सावकाश. मी मान हलवली नाही. एक गोष्ट समजली नाही, ती तिथल्या तिथे परत विचारली.